डोंगरउतारावरचा रस्ता पावसाआधी कसा सांभाळावा

ठाण्यातला येऊरचा चढ, घोडबंदरचा गायमुख घाट, नवी मुंबईत बेलापूरला पारसिक टेकडीवरचे सोसायट्यांचे रस्ते: सगळीकडे खाली काळा बसाल्ट, वर सुटा मुरूम नि माती. मुरलेलं पाणी खडकावर येऊन अडतं आणि वरचा थर तिथूनच निसटतो. म्हणून संरक्षक भिंतीचा अंदाजपत्रकी खर्च काढण्याआधी पाण्याला वाट काढा, आणि तीही मेअखेरीपर्यंत.

सुरुवात रस्त्याच्या वरून. कापलेल्या उताराच्या माथ्यापासून सुमारे 5 मीटर मागे चर खणून त्याला पक्कं अस्तर द्या. पाणी ओहोळातच सोडा. तडकलेल्या चरापेक्षा चर नसलेला बरा, तडकलेला चर पाणी थेट उतारात जिरवतो. हद्द वनखात्याची असेल तर परवानगी आधी.

रस्त्याचा आडवा उतार डोंगराकडच्या गटाराकडे ठेवा, मीटरला अडीच सेंटीमीटर. दरीकडे ठेवलात तर साइडपट्टी कुरतडली जाते. गटाराचं पाणी रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे न्या आणि ते पडतं तिथे मोठ्या दगडांचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, करा. नेमकं हेच राहून जातं, मग मोरीखालची माती वाहून रस्ता खचतो.

भिंत दगडी असेल तर दर दीड मीटरवर 10 सेंटीमीटरचं, बाहेर उतरतं भोक ठेवा, मागे खडीचा थर भरा. नाहीतर साठलेलं पाणीच भिंत ढकलतं. जमीन थोडी हलती असेल तर आमची पसंती गॅबियनला, म्हणजे दगड भरलेल्या तारजाळीच्या पेट्यांना: पाणी आरपार जातं, पेटी थोडी वाकली तरी तुटत नाही. 2×1×1 मीटरच्या पेटीत 15 ते 25 सेंटीमीटरचे कठीण दगड हाताने रचा. डंपरने ओतले तर पोकळ्या राहून पेटी फुगते. मागे जिओटेक्स्टाईल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) लावा. पाया भरावावर नको, खडकात किंवा घट्ट मुरुमात.

उघड्या मातीवर काथ्याची जाळी पसरा आणि पहिल्या सरींनंतर वाळ्याचे ठोंब आडव्या ओळींत, 15 सेंटीमीटरवर लावा.

रस्त्याला समांतर, कमानीसारखी भेग दिसली तर नुसतं डांबर ओतू नका, हालचाल झाकली जाते. चिकणमातीने बुजवून दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका नि रोज टेपने अंतर मोजा. अंतर वाढलं, खांब कलले किंवा उतारातून अचानक गढूळ पाणी फुटलं, तर वाहतूक लगेच बंद करून महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा.