संस्थेतल्या मुलांना हक्काची माणसं कशी जोडून द्यायची

बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात (मुलाला काही काळ सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) वाढलेली मुलं वयात आल्यावर बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या हातात कागदपत्रं असतात, बँकेचं खातं असतं, कधी नोकरीही असते. रात्री ताप चढला तर फोन कुणाला करायचा, हे मात्र ठरलेलं नसतं. आजवर भोवती असलेली बहुतेक मोठी माणसं पगारी होती, आणि त्यांच्या बदल्या होतात. म्हणून मूल बाहेर पडायच्या किमान दोन वर्षं आधी हे काम हाती घ्या. शेवटच्या महिन्यात करून दिलेली ओळख टिकत नाही.

हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. हलाखीतून सावरलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: निदान एक मोठं माणूस त्यांच्या पाठीशी होतं. ते आईवडीलच असतील असं नाही, कधी आजी होती, कधी शिक्षक, कधी शेजारी. असं माणूस बहुतेक मुलांच्या आयुष्यात कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. नवं शोधण्याआधी ते शोधा.

त्यासाठी मोठा कागद आणि रंगीत पेनं घेऊन मुलाबरोबर बसा. "तुला जवळचं कोण आहे?" असं विचारलंत तर "कुणी नाही" हेच उत्तर येईल. त्याऐवजी आजवर जिथे जिथे राहिलं ती घरं काढायला सांगा. मग एकेका घराशी थांबा. शेजारी कोण राहायचं? शाळेत कोण सोडायचं? आजारी असताना उशाशी कोण बसलं होतं? जागा आठवली की माणसं आठवतात. तासाभरात थांबा, कागद अर्धा राहिला तरी चालेल. झोपायच्या आधी मात्र हे करू नका. नको त्या आठवणीही वर येतात आणि मग मूल रात्रभर त्यांच्याबरोबर एकटं राहतं.

दुसरीकडे केस फाइल पहिल्या पानापासून वाचा. भेटीची नोंदवही, जुनी पत्रं, शाळेचे दाखले, सगळ्यातून नावं काढा. 'नातेवाईक नाहीत' या शेऱ्याचा अर्थ पुष्कळदा 'कुणी विचारलं नाही' एवढाच असतो. वडिलांकडची माणसं तर हमखास सुटतात. अमेरिकेतले समाजकार्यकर्ते केविन कॅम्पबेल यांच्या कुटुंबशोधाच्या, म्हणजे मुलाची तुटलेली माणसं पुन्हा शोधण्याच्या, पद्धतीत किमान 40 नावं जमवतात. आकडा मोठा वाटतो, पण निम्मे नाही म्हणतील, काही योग्य नसतील, काहींना वर्षातून एक फोनच जमेल. चारच नावं असली तर दोन नकारांत काम संपतं. भावंडं वेगळीकडे असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करा.

संपर्काआधी प्रत्येक नाव तपासा: संबंध का तुटला, भेटीवर काही आदेश आहे का, मुलाची तयारी आहे का. पहिल्या फोनवर "सांभाळाल का?" हा प्रश्न नको. समोरचा घाबरून दार लावतो. "तुम्हाला हे मूल कसं आठवतं? एखादा फोटो असेल का?" इथून सुरुवात करा. मुलाची खासगी हकिकत मात्र सांगू नका, ती सांगायची की नाही हे मूल ठरवेल.

यानंतरचा टप्पा सगळ्यात जास्त निसटतो. माणसं मनापासून म्हणतात, "काही लागलं तर सांग." मुलं सांगत नाहीत. मागणं म्हणजे ओझं होणं, हे ती लहानपणीच शिकलेली असतात. म्हणून नेमकी कामं लिहून घ्या: रविवारी संध्याकाळी फोन, सुट्टीत दोन दिवस राहायला, फॉर्मवर आपत्कालीन संपर्क म्हणून नाव, दवाखान्यात सोबत, भाडेकरार वाचून देणं. एकेकाने दोन-तीनच कामं घ्यावीत. काय जमणार नाही तेही लिहा. विशेषतः उसने पैसे द्यायचे की नाहीत हे आधीच ठरवा, कारण नाती तिथेच नासतात. कागद दोघांकडे ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा वाचा.

भेट छान झाली की पुढच्या वेळी मूल येतच नाही, उलट बोलतं, फोन उचलत नाही. हा कृतघ्नपणा नव्हे. हे माणूसही जाणार का, ते पाहणं चाललेलं असतं. मोठ्यांना याची आधीच कल्पना द्या, नाहीतर नेमके तेव्हाच ते मागे सरतात. उपाय एकच: ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी पुन्हा फोन, रागावणं नाही. भेट रद्द करावी लागली तर मोठ्यांनी स्वतः मुलाला सांगावं आणि त्याच फोनवर पुढची तारीख द्यावी. आणि शिक्षा म्हणून फोन किंवा भेट बंद करणं, हे कुठल्याही कारणाने करू नका.

कर्मचारी सोडून जाणार असेल तर मुलाला महिनाभर आधी सांगा. नव्या माणसाची ओळख जुन्याने समोर बसून करून द्यावी. न सांगता गेलेलं एक माणूस पुढच्या तिघांवरचा विश्वास घेऊन जातं.

बाहेर पडल्यावर मोबाइल हरवतो आणि त्याबरोबर सगळे नंबर. तीन ठिकाणी लिहून ठेवा, एक तोंडपाठ करून घ्या. पहिले सहा महिने कोणत्या वारी कुणी फोन करायचा याची पाळी लावा. दोन दिवस फोन लागला नाही तर प्रत्यक्ष जाऊन कोण पाहणार, त्याचं नावही त्याच कागदावर असू द्या.