बजेट अ‍ॅनालिस्टची नोकरी आणि माझे एकोणीस लाख

फेब्रुवारी उजाडला की नात्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, "काय गं, यंदा काय स्वस्त होणार?" 2017 पासून केंद्राचं बजेट 1 फेब्रुवारीला येतं. त्या दिवशी आम्ही टीव्हीकडे बघतही नाही, कारण आमच्याच कारखान्याचं पुढच्या वर्षाचं बजेट तेव्हा तिसऱ्यांदा परत आलेलं असतं. एप्रिलच्या आत ते बसवायचं असतं. डिसेंबर ते मार्च लग्नकार्याला माझा भरवसा धरू नका, असं घरी सांगून ठेवलंय.

तुम्ही बी.कॉम. आहात, एक्सेल येतं, महसुली आणि भांडवली खर्चातला फरक कळतो, असं धरून लिहिते. ते नसेल तर आधी ते करा.

मी महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून लोकल, घणसोलीला उतरून रिक्षा. पहिल्याच वर्षी जे झालं ते सविस्तर सांगते, बाकीचं तुम्ही शिकालच.

मेंटेनन्सचं वर्षाचं बजेट 1 कोटी 20 लाख. महिन्याला दहा, म्हणजे सप्टेंबरअखेर 60 लाख. बुकात खर्च दिसत होता 41 लाख. मी हिरव्या रंगात लिहिलं, बचत 19 लाख. प्लांट हेड खूश. त्यांनी लगेच त्यातले 15 लाख कामगारांच्या चेंजिंग रूमच्या दुरुस्तीला वळवले. मला मीटिंगमध्ये शाबासकी मिळाली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

दिवाळीनंतर बिलं येऊ लागली. पंपाचं काम ऑगस्टमध्येच झालेलं, पण कंत्राटदाराने बिल आता टाकलेलं. बेअरिंग जुलैत स्टोअरला उतरलेली, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेला, पण पीओतला (खरेदीच्या ऑर्डरमधला) दर आणि बिलातला दर जुळेना म्हणून अकाउंट्समध्ये कागद अडकलेला. असे मिळून 13 लाख. आमच्याकडे न आलेल्या बिलांची प्रोव्हिजन, म्हणजे बिलाआधीच खर्चाची नोंद, फक्त मार्चअखेर करायचे, त्यामुळे मधल्या महिन्यांत ती रक्कम बुकात दिसायचीच नाही. राहिले सहा लाख. ते बॉयलरच्या दुरुस्तीचे होते. पीओ निघालेला, फक्त काम सप्टेंबरऐवजी डिसेंबरला ढकललेलं. म्हणजे 60 वजा 41 वजा 13 वजा 6. हातात शून्य, आणि 15 लाख आधीच वाटून मोकळे.

प्लांट हेड सर ओरडले नाहीत. "पुढच्या मीटिंगला तूच समजावून सांग," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी घणसोलीच्या बाकावर बसून मी दोन लोकल सोडल्या.

तेव्हापासून माझ्या शीटमध्ये बजेट आणि खर्च एवढे दोनच रकाने कधी नसतात. बुकात आलेला खर्च वेगळा. काम झालंय पण बिल नाही, ते वेगळं. पीओ दिलाय पण काम बाकी आहे, तेही वेगळं. हे सगळं वजा केल्यावर उरतं ते मोकळं, आणि तोवर "बचत" हा शब्द मी लिहीत नाही. दुसरा रकाना, म्हणजे काम झालेलं पण बिल न आलेलं, तो खर्चच आहे, फक्त कागद यायचाय. तिसरा अजून खर्च नाही, पण ते पैसे दुसऱ्याला देता येत नाहीत. या दोघांची सरमिसळ करू नका, दोन्ही गाळू तर मुळीच नका. पालिकेच्या लेखा विभागात असलेला माझा मावसभाऊ म्हणाला, "अगं, याला आम्ही दायित्व म्हणतो, आमच्याकडे शिपायालाही माहीत असतं." बरं वाटलं नाही.

आणि महिन्याला दहा लाख असा सरळ भागाकारही करू नका. मेंटेनन्सचा खर्च शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या महिन्यात फुगतो, विजेचं बिल उन्हाळ्यात. मागच्या दोन वर्षांचे महिनावार आकडे काढा आणि तसं पसरवा.

दुसरा रकाना भरायचा कसा, तर सिस्टिममधून अर्धाच भरतो. उरलेला आमच्या स्टोअरच्या काकांनी भरला. त्यांच्या वहीत सगळं असायचं, गेटवर काय आलं, कुठला कंत्राटदार काम करून गेला. नौपाड्यात पैसे भरून मी फायनान्शियल मॉडेलिंगचा कोर्स केला होता, त्यात या वहीबद्दल एक वाक्य नव्हतं. मोबाइलवर रोज सल्ले देणाऱ्या गुरूंपेक्षा स्टोअर आणि पर्चेसमधल्या माणसांसोबत चहा प्या. तयार टेम्प्लेट घेतलीत तर फॉर्म्युले एकेक करून उलगडून बघा. मला एकाने दिलेल्या शीटमध्ये बेरजेच्या रेंजमधून शेवटची ओळच सुटलेली होती.

छोटी गोष्ट: ज्या खर्चावर जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर पुढच्या करातून वळता होतो, तिथे बजेटमध्ये कर धरू नका. मिळत नसेल तिथे धरा. कुठे मिळतं ते अकाउंट्सला विचारा, अंदाजाने ठरवू नका.

घाबरू नका, पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांनाच आपण नुसते आकडे चिकटवतोय असं वाटतं. पण चूक सापडली तर त्याच दिवशी सांगा. सप्टेंबरअखेरचा आकडा दिला त्याच आठवड्यात मला बेअरिंगची शंका आली होती, आणि शाबासकीच्या नादात मी गप्प बसले. चेंजिंग रूमच्या टाइल्स तोवर लागल्याही नव्हत्या.