कॅरम येतो? मग स्क्रीनवरचा पूल असा शिका

पूल म्हणजे टेबलावर काठीने बॉल ढकलून कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालायचा खेळ. त्याचं खरं टेबल नऊ फूट लांब असतं. आमच्या लोकमान्यनगरातल्या दिवाणखान्यात ते मावणार नाही. भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड मात्र इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत असतो. रविवारी पोहे-जिलबी आटोपली की आमच्याकडे कॅरम निघतो, नाहीतर लॅपटॉप टीव्हीला जोडून पूल. असाच काठी-बॉलचा खेळ असलेल्या स्नूकरचा जन्म आपल्या जबलपूरचा, १८७५ सालचा. त्याचा हा भाऊबंद आपल्याला परका का वाटावा?

कॅरमचा कट इथे कामी येतो, पण एक सवय सोडावी लागते. कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी आपल्या पट्टीवर परत येतो. पुलात पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका.

आधी सरावाचा मोड असलेला गेम घ्या. एट-बॉल या पुलाच्या प्रकारात १ ते ७ नंबरचे बॉल सबंध रंगाचे, ९ ते १५ पट्ट्यांचे. आपला गट संपवून शेवटी काळा ८. पांढराच पॉकेटमध्ये गेला तर फाऊल, मग समोरचा तो हवा तिथे ठेवून खेळतो. फोन आईबाबांचा असेल तर खरेदीला पासवर्ड आधीच लावून घ्या.

आता नेम. पॉकेटपासून, जो घालायचा त्या बॉलच्या मध्यातून जाणारी रेघ मनात ओढा आणि तशीच मागे वाढवा. त्या रेघेवर, बॉलला मागून चिकटलेला एक पांढरा बॉल आहे असं समजा. तुमच्या पांढऱ्याचा मध्य बरोबर त्या जागी पोचला पाहिजे. गेम नेमाची रेघ दाखवतोच, पण ती बंद करता येत असेल तर रोज दहा फटके तिच्याविना मारा. डोळा तयार होतो तो तिथेच.

यापुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. बहुतेक गेममध्ये कोपऱ्यात पांढऱ्या बॉलचं छोटं चित्र असतं. त्यावरचा ठिपका म्हणजे काठी बॉलला जिथे लागणार ती जागा. तो खाली सरकवा, लाल ३ नंबर वीतभर समोर ठेवा आणि सरळ मारा. लाल आत जातो, पांढरा क्षणभर थबकतो आणि मागे येतो. ठिपका वर नेला तर तो लालच्या मागोमाग पुढे जातो. हेच लांबून करून बघा: कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी वाटेतच विरते, म्हणून लांबच्या फटक्याला जोर वाढवावा लागतो. कॅरमची सोंगटी सपाट, ती घसरते. बॉल लोळतो, म्हणून ही सगळी गंमत.

हे हाताला बसलं की डाव उलटा मोजा. काळा कुठे घालायचा, त्यासाठी पांढरा कुठे हवा, तिथे पोचवणारा आधीचा बॉल कोणता. पॉकेट जमणारच नसेल तर आपल्या बॉलला हलकेच शिवून कुठलातरी बॉल कडेला लागेल एवढं बघा आणि पांढरा गर्दीआड लपवा.

मग एकाच फोनवर घरातल्या कुणाला तरी समोर बसवा.