वावधनाआधी टिनपत्रे कसून घ्या: कोठा, घर आणि गोदामाच्या छपराचा सल्ला

वखरणी आटोपते, बियाण्याची जुळवाजुळव सुरू होते आणि छपराची आठवण येते ती पहिलं वावधन (वादळी वारं) येऊन गेल्यावर. यंदा तेवढं उलटं करा. नागपूर जिल्ह्यात मान्सून पोचतो जूनच्या मध्यावर, पण पत्रे उडवणारा वारा बहुतेक वेळा मान्सूनचा नसतो. दिवसभर तापल्यावर दुपारी चारच्या पुढे धूळ उधळत येणाऱ्या मे महिन्यातल्या ढगांचा तो असतो. येतो, अर्ध्या तासात जातो आणि कोठ्याची, म्हणजे गुरांच्या गोठ्याची, टिनं शेजारच्या वावरात नेऊन टाकतो. नवी टिनं घालायची असोत की जुनी कसायची, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आत उरका. पेरणी सुरू झाली की ना मिस्त्री मिळतो, ना तुम्हाला वेळ.

टिन वजनानं जागेवर राहील, हा भरवसा आधी सोडून द्या. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो भरतं. ताशी ९० किलोमीटरचा वारा छपरावरून गेला की वरच्या अंगाला ओढ तयार होते आणि ती चौरस मीटरला जवळपास ३८ किलोपर्यंत जाऊ शकते. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद अशा एका पत्र्याचा हिशेब केला तर सव्वाशे किलोच्या आसपास उचल होते. त्यावर ठेवलेले चार धोंडे आणि रेतीच्या दोन चुंगड्या काय धरून ठेवणार? उलट वाऱ्यात तेच धोंडे खाली बांधलेल्या जनावरांवर येतात. आणि ९० हा काही फार मोठा वारा नव्हे. इमारतींच्या आराखड्यासाठी भारतीय मानकात नागपूरला सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वारा धरलेला आहे. कोठा तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडा असेल तर आत शिरलेला वाराही खालून छपराला ढकलतो. अशा कोठ्याच्या मागच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोके ठेवा. वाऱ्याला वाट मिळते आणि जनावरांना हवाही.

कवेलू (कौलं) काढून टिनं घालणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. माकडांनी कवेलू फोडून फोडून लोकांना जेरीस आणलंय, दर उन्हाळ्यात फेरायला माणूस मिळत नाही, त्यामुळे रामटेक-मौद्यापासून काटोल-नरखेडपर्यंत घराघरावर टिनं चढली. पण जुने फाटे (छपराची उतरती लाकडं) आणि आडं (माथ्याचं आडवं लाकूड) तसंच ठेवून वर नुसती टिनं ठोकली जातात. कवेलूच्या छपराला त्याचा स्वतःचा भारच दाबून ठेवायचा, म्हणून जुन्या सुतारानं फाटे भिंतीला बांधलेच नव्हते, गरजच नव्हती. तो भार उतरला की तेच फाटे टिनासकट उचलले जातात. फाटे ठेवायचे तर ठेवा, सागवान चांगलं असेल तर फेकू नका. पण प्रत्येक फाटा लोखंडी पट्टीनं किंवा बोल्टनं भिंतीत घट्ट करा. भिंत मातीची असेल तर पट्टी निदान दोन-तीन फूट खाली नेऊन आडव्या सळीला गुंतवा.

खरं तर सगळा प्रश्न कोण कोणाला धरून ठेवतो याचा आहे. टिनाला हूक धरतो, हुकाला पाईप, पाईपाला खांब आणि खांबाला जमीन. यातला एक जोड सैल असला की बाकीचे कितीही पक्के असून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी कच्चा राहतो तो शेवटचा जोड, कारण तो मातीखाली असतो आणि कोणी बघत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि दोन फूट गाडलेला खांब दोन पावसाळ्यांत हलायला लागतो. खड्डा काळ्या मातीच्या खाली, मुरूम लागेपर्यंत न्या आणि खांबाच्या बुडाला आडवी सळी वेल्ड करून काँक्रीट भरा. छपराचं पाणी खांबाच्या मुळाशी पडू देऊ नका. पन्हळ लावली की पायाही वाचतो.

पत्रा कोणता घ्यावा, तर माल विचारताना गेज (जाडीचा नंबर) विचारू नका, मिलिमीटर विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ०.३५ चा रंगीत पत्रा दिसायला ०.५० सारखाच असतो, पण त्यावर चढलेल्या माणसाच्या पायाखाली तो दबतो आणि वाऱ्यात स्क्रूभोवती फाटतो. घरासाठी आणि गोदामासाठी ०.५० घ्या. पातळच घ्यायचा असेल तर खालचे पाईप तीन-तीन फुटांवर टाका, जाडाला चार फूट चालतील. गुरांच्या कोठ्यात मुताचा अमोनिया खालून जस्त खातो, खताच्या चुंगड्या ठेवलेल्या खोलीतही तेच. तिथे सिमेंटचा पत्रा जास्त टिकतो, शिवाय टिनापेक्षा कमी तापतो. ६ मिलिमीटरच्या सिमेंट पत्र्याखाली पाईपांमधलं अंतर साडेचार फुटांच्या वर नको आणि उतार चांगला हवा, दहा फुटांला निदान सव्वातीन फूट. टिनाला दहाला दोन फूट पुरतात.

आता बसवणं. आडं पूर्व-पश्चिम ठेवता आलं तर ठेवा. कोठ्यात ऊन कमी शिरतं आणि पत्र्यांचे जोडही सोयीचे पडतात. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला घाला आणि पश्चिमेकडे सरकत या. असं केलं की वरच्या पत्र्याची कड वाऱ्याकडे पाठ करून राहते, पाणी जोडात शिरत नाही. मिस्त्री सोयीनं जिकडून शिडी लागेल तिकडून सुरू करतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच चढला पाहिजे, उतार कमी असेल तर आठ-नऊ इंच. बाजूच्या जोडाला टिनाच्या दीड ते दोन नाळ्या (पत्र्याच्या लाटा) एकमेकींवर याव्यात, सिमेंट पत्र्याला अर्धी पुरते. भोक नेहमी नाळीच्या माथ्यावर, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. खिळ्यानं ठोकून पाडलेलं भोक फाटतं, ड्रिलनंच पाडा. सिमेंट पत्र्याचं भोक बोल्टपेक्षा तीन मिलिमीटर मोठं ठेवा आणि हूक हातानं हलणार नाही इतपतच कसा. जास्त कसला की पत्रा तडकतो, आणि तो तडा दिसतो पहिल्या पावसातच.

हुकांची किंवा स्क्रूंची कंजूषी कडेला करू नका. वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते ती कोपऱ्यांत, वळचणीला आणि आड्याजवळ. तिथे प्रत्येक माथ्यावर एक, मधल्या पाईपांवर एकाआड एक. वळचण एक फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका. सावली मिळते म्हणून दोन-दोन फूट काढतात, पण वारा धरतो तो तोच भाग. स्क्रूखाली रबराचं चांगलं वायसर हवं. दहा फुटांचं टिन थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दीड-दोन मिलिमीटर लांबतं, आणि थोडंफार लांब-आखूड तर रोजच होतं. त्या ओढाताणीत स्क्रू सैल पडतात, म्हणून जुन्या छपरावरचे सगळे स्क्रू दर मेमध्ये एकदा कसायचे आणि कडक झालेली वायसरं बदलायची. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे त्याच दिवशी प्रायमर लावून घ्या.

जुना सिमेंट पत्रा उतरवताना फोडू नका आणि कोरडा कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरते. पाणी मारून ओला ठेवा, नाकातोंडाला चांगला मास्क बांधा, हातकरवतीनं कापा, तुकडे धुऱ्यावर किंवा पांदणीत भराव म्हणून टाकू नका. जुन्या पत्र्यावर सरळ पाय देऊन चालणंही जीवावरचं आहे. फळी आडवी टाका आणि पाईपाच्या रेषेवरच वजन द्या.

काम सकाळी सहा ते दहा. मेच्या दुपारी टिनाला हात लागत नाही, आणि ४५ अंशांत छपरावर चढलेल्या माणसाला चक्कर आली तर खाली धरायला कोणी नसतं. ढग दाटले की सगळे खाली. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर असू द्या, जवळपास वीज पडण्याचा इशारा त्यावर येतो. विजेच्या तारा छपरावरून जात असतील तर टिन उभं करून फिरवू नका. काम सुरू करण्याआधी लाईनमनला सांगून लाईन बंद करून घ्या.

टिनाच्या खोलीत सोयाबीनचं बियाणं असेल तर आजच हलवा. या उकाड्यात त्याची उगवणशक्ती झपाट्यानं घटते, आणि बियाण्याला निदान ७० टक्के उगवण लागते. खोली तीच वापरायची असेल तर छपरावर चुन्याचा पांढरा हात द्या. त्यात थोडा फेव्हिकॉल घातला की चुना पहिल्या पावसात धुऊन जात नाही. कोठ्यावर धानाचं तणस किंवा पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) अंथरली तरी दुधाळ जनावरांना फरक कळतो, फक्त ती दोरीनं बांधा आणि पावसाआधी काढा, नाहीतर ओली राहून पत्रा गंजवते. आणखी एक गोष्ट डिसेंबरसाठी आत्ताच लक्षात ठेवा: थंडीत पहाटे टिनाच्या आतून दव ठिबकतं आणि खाली रचलेला कापूस पिवळा पडतो. आड्याखाली हवेची वाट ठेवली तर हे बरंच कमी होतं.

इतकं करूनही टिनं उडालीच, तर ती गोळा करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कोठा आणि जनावरं दोन्ही दिसतील असे, आणि लगेच तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. उचललेल्या पत्र्यांत भोकं फाटलेले बाजूला काढा. ते पुन्हा छपरावर नकोत, कुंपणाला चालतील.