शॉर्ट फिल्म शूट करताय? शॉट साइझच्या या चुका टाळा

शॉट साइझ म्हणजे फ्रेममध्ये माणूस किती जवळून दिसतो ते. नव्या मंडळींच्या शॉर्ट फिल्म्समध्ये मला सगळ्यात जास्त खटकते ती क्लोज-अपची उधळण. पहिल्या मिनिटापासून चेहरे पडदाभर! मग आईला मुलाच्या अपघाताची बातमी कळते, तेव्हा कॅमेऱ्याला आणखी जवळ जायला जागाच उरलेली नसते. क्लोज-अप राखून ठेवा. आधी मिड शॉटमध्ये, कमरेपासून वर, तिला स्वयंपाकघरात वावरू द्या, तिचे हात दिसू द्या. फोन आला की जवळ जा. तेही दर वेळी गरजेचं नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळ दूर, स्थिर उभा असतो आणि व्यवस्थेपुढे माणूस किती एकटा आहे हे त्या अंतरामुळेच जाणवतं.

दुसरी चूक एडिटला बसल्यावर कळते. एकाच माणसाच्या मिड शॉटला त्याहून किंचित जवळचा शॉट जोडला की कट उडी मारतो, मधल्या फ्रेम गहाळ झाल्यासारखं वाटतं. साइझ बदलायचा तर ठळक बदला, नाहीतर कॅमेरा त्या माणसाभोवती निदान ३० अंश बाजूला न्या. शूट उरकलं असेल तर? फुटेज ४केमध्ये आणि फिल्म १०८०पीमध्ये (म्हणजे लांबी-रुंदीत निम्म्या पिक्सेलची) असेल, तर एडिटमध्ये शॉट दुपटीपर्यंत मोठा करून फरक ठळक करता येतो; मात्र फोकस जरा सुटला असेल तर तेही उघडं पडतं. त्यापेक्षा मध्ये हाताचा इन्सर्ट (फक्त हात जवळून दाखवणारा छोटा शॉट) किंवा समोरच्याची रिअॅक्शन टाका. म्हणूनच सेट सोडण्याआधी असे दोन-तीन शॉट घेऊनच ठेवावेत.

मोबाइलवर शूट करत असाल तर क्लोज-अपसाठी फोन चेहऱ्याला चिकटवू नका. नाक फुगतं, कान मागे जातात. हे अंतर कमी झाल्यामुळे होतं, त्यामुळे दोन पावलं मागे या आणि टेली (दूरचं जवळ आणणारी) लेन्स वापरा.

संवादात एकजण छातीपासून वर आणि दुसऱ्याचा फक्त चेहरा दिसत असेल, तर प्रेक्षक नकळत दुसऱ्याच्या बाजूने झुकतो. तसं हवं असेल तर उत्तमच! नको असेल तर पहिल्याचा शॉट झाला की लेन्स, अंतर आणि कॅमेऱ्याची उंची लिहून घ्या आणि दुसऱ्यालाही तीच ठेवा.

आणि फ्रेमची कड गुडघ्यावर, मनगटावर किंवा घोट्यावर आणू नका, अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर कापा.