स्प्लेंडरचे पुढचे शॉकप: सील बदलण्याआधी पाईपवर नख फिरवा

वडिलांनी १९९७ साली घेतलेली स्प्लेंडर मी अजून रोज नाशिकच्या सिडकोतून अंबड एमआयडीसीत नेतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिचा उजवा शॉकप गळायला लागला. एका गॅरेजमध्ये दोनदा सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं, दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत बॉटम केसवर, म्हणजे शॉकपच्या खालच्या जाड नळीवर, पुन्हा तेलाचा ओघळ. तिसऱ्यांदा मी घरीच खोललं. दोष सीलचा नव्हता. बॉटम केसमध्ये वर-खाली सरकणाऱ्या पाईपला गंजाचे बारीक खड्डे पडले होते आणि ते नव्या सीलची कड कापत होते. म्हणून सांगतो, सील विकत घेण्याआधी पाईप बघा.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा लावा. पुढचं चाक हवेत राहिलं पाहिजे आणि गाडी हलता कामा नये. शॉकप टीत (हँडलखाली दोन्ही शॉकप धरणाऱ्या पकडीत) घट्ट असतानाच वरचा मोठा बोल्ट थोडा ढिला करा. पाईप हातात आल्यावर तो फिरत राहतो आणि बोल्ट सुटत नाही. मग ब्रेक केबल, स्पीडोमीटर केबल, चाक, मडगार्ड काढा. वरचा बोल्ट पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. आता खालच्या टीचे बोल्ट ढिले करून पाईप गोल फिरवत खाली ओढा. गंजाने धरला असेल तर रात्रभर तेल सोडून ठेवा, हातोडा घालू नका.

स्प्रिंगची वरची बाजू कोणती होती त्यावर खूण करा. दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून उंची बघा. एक बसलेली असेल तर जोडीच बदला. जुनं ऑइल डब्यात उपसा. माझ्या शॉकपमधून राखाडी, कुबट वासाचं पाणीच निघालं म्हणा ना.

बॉटम केसच्या बुडाशी अ‍ॅलन बोल्ट असतो. तो फिरवताना आतला रॉडही फिरायला लागला, तर स्प्रिंग परत घालून कुणाला तरी पाईप जोराने दाबून धरायला सांगा. माझ्याकडे हे काम मुलीने केलं. बोल्ट निघाला की पाईप बाहेर येतो. वरचं धूळ अडवणारं डस्ट सील, त्याखालची सर्क्लिप (खाचेत बसणारी तारेची कडी) आणि मग ऑइल सील काढा. स्क्रू ड्रायव्हरखाली जाड कापड ठेवा, कारण केस अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिच्या कडेला ओरखडा गेला की तिथूनच गळती सुरू.

आता मुख्य काम. पाईप रॉकेलने धुऊन पुसा. सील जेवढ्या भागावरून वर-खाली होतं, तेवढ्या भागावर नख फिरवा, मग कापूस फिरवा. कापसाचा धागा जिथे अडकेल तिथे खड्डा. "बाबा, इथे धरतंय," मुलगी म्हणाली, आणि मला डोळ्यांना न दिसलेली जागा तिच्या कापसाने दाखवली.

नुसता खरखरीतपणा असेल तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून पाईपभोवती गोल फिरवा. उभा घासू नका, उभ्या ओरखड्यातून तेल वर चढतं. नख अडकत असेल तर पाईप नवा घ्या किंवा ग्राइंडिंग करून त्यावर हार्ड क्रोमचा थर चढवून घ्या. मी टर्नर आहे, त्यामुळे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर (व्ही-ब्लॉक) ठेवून वाक मोजणारा डायल लावला आणि पाईप वाकलेला नाही याची खात्री केली. घरी जाड सपाट काचेवर लोळवा, मध्ये उजेड दिसला तर वाकलेला आहे.

जोडताना पाईपच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, सीलच्या ओठाला शॉक ऑइल लावा आणि सरकवा. सीलची बारीक स्प्रिंग खाली, तेलाकडे, सीलवरचे आकडे वर. नेमक्या मापाच्या पीव्हीसी पाईपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोका. सर्क्लिपची खाच पूर्ण गोल दिसली की सील बसलं. अ‍ॅलन बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवाच घाला.

ऑइल शॉकपचंच घ्या, इंजिनचं नको. मॅन्युअलमधलं माप दोन्हीकडे मापाच्या बाटलीने मोजून भरा, अंदाजाने ओतू नका. पूर्ण खोललेल्या शॉकपला नुसतं ऑइल बदलण्यापेक्षा थोडं जास्त लागतं. भरल्यावर आठ-दहा वेळा हळू दाबून हवा काढा.

चाक बसवताना एक गोष्ट अजिबात विसरू नका. ड्रमच्या ब्रेक प्लेटची खाच बॉटम केसच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती सुटली तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि जिवावर बेततं. एक्सलचा नट शेवटी. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून शॉकप चार-पाच वेळा दाबा म्हणजे दोन्ही शॉकप आपापल्या जागी येतात, मग नट पक्का करा.

या पावसाळ्यात त्र्यंबकला दोनदा जाऊन आलो. घरी आल्यावर पाईपवर बोट फिरवलं, बोट कोरडंच होतं.