मानेला हिसका बसल्यानंतर व्यायाम करताय? या चुका टाळा

मुंबई-गोवा महामार्गावर घाटात पुढची गाडी अचानक थांबते आणि मागून टेम्पो येऊन ठोकतो. बंपर गेला पण माणसं वाचली, असं म्हणत सगळे घरी पोचतात. मान धरते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. धडकेत सीट अंगाला पुढे रेटते, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मग झपकन पुढे येतं. साडेचार-पाच किलोच्या डोक्याच्या त्या हिसक्याने मानेचे स्नायू आणि सांधे ताणले जातात. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. बहुतेकांचं दुखणं दोन-तीन महिन्यांत उतरतं, मात्र तोवर मानेला थोडी थोडी हालचाल लागते. ती अजिबात न देणं आणि जबरदस्तीने देणं, दोन्ही वाईट.

तपासणीआधीच व्यायाम

हाड शाबूत आहे हे कळल्याशिवाय काहीही करू नका. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, मान दोन्ही बाजूंना ४५ अंशही वळत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. एक्स-रे काढायला लागेल. आंबा काढताना किंवा माडावरून पडलेल्या माणसाने तर मान हलवूनही बघू नये, त्याला उचलणाऱ्यांनीही मान स्थिर धरूनच न्यावं.

पट्टा गळ्यातच राहतो

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण मानेच्या पट्ट्याने (कॉलरने) पहिले दोन दिवस खरंच बरं वाटतं. मग आठवडा जातो, पंधरवडा जातो, "असू दे गं, आधार वाटतो" म्हणत पट्टा सुटतच नाही. तेवढ्यात स्नायू सुस्तावतात, सांधे आखडतात आणि पट्टा काढला की दुखणं दुप्पट वाटतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञगटाने १९९५ साली हेच सांगितलं होतं: हाड मोडलेलं नसेल तर फार काळ पट्टा नको, लवकर हालचाल आणि रोजची कामं सुरू करा. डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर तो किती दिवस आणि दिवसातून किती तास घालायचा, हे त्याच वेळी विचारून घ्या.

मान मोडून घेणं

केस कापल्यावर सलूनमध्ये कटकन मान मोडून घ्यायची अनेकांना सवय असते. गावात चमक काढून देणाराही कुणी ना कुणी असतो. ताज्या दुखापतीत हे दोन्ही नकोच. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. असं क्वचित घडतं, पण घडलं तर नुकसान कायमचंही राहू शकतं. हलक्या हाताने खांद्याला तेल लावायला हरकत नाही.

व्यायाम बरोबर, पद्धत चुकीची

हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम बघायला सोपा वाटतो, पण तोच जास्त चुकतो. लोक हनुवटी छातीला टेकवतात किंवा वर उचलतात. नजर समोर ठेवा आणि हनुवटी जमिनीला समांतरच सरळ मागे न्या. गळ्याला दुहेरी घडी पडेल, मानेच्या मागे हलका ताण जाणवेल. तिथेच पाच सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, खांदे कानाकडे चढू देऊ नका. दात आवळले गेले तर जोर जास्त लागतोय असं समजा.

पडवीतल्या झोपाळ्यावर बसून हे करू नका. बूड आणि पाठ स्थिर हवी, म्हणून खुर्ची घ्या. सुरुवातीला बसून जमत नसेल तर उशीवर डोकं टेकवून उताणे पडा आणि मान डावीकडे-उजवीकडे सावकाश फिरवा. दुखायला लागण्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. पाच-पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. एकदाच तासभर करण्यापेक्षा हे बरं. त्यासोबत दोन्ही फऱ्या (खांद्यांमागची सपाट हाडं) पाठीमागे जवळ आणायच्या, कारण मानेचा बराच भार खांद्यांचे स्नायू उचलतात.

कपाळाला तळवा लावून जोर देण्याचा व्यायाम नंतरचा, मान बऱ्यापैकी वळू लागल्यावरचा. तळव्याखाली अंडं असल्यासारखा हलका जोर द्या, डोकं जागचं हलता कामा नये. मान गोल गोल फिरवणं, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सध्या बंद.

दुखणं वाढलं म्हणून सगळं सोडून देणं

व्यायामानंतर थोडं दुखून तासाभरात शांत झालं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर आवर्तनं निम्मी करा, हालचाल लहान करा, पण बंद करू नका. आदल्या रात्री दोन उश्या घेतल्या होत्या का, किंवा गोळीचा असर असताना जास्त ताणलं का, तेही आठवून बघा. नुसता कटकट आवाज आला आणि दुखलं नाही, तर घाबरू नका. मात्र चक्कर, दोन-दोन दिसणं, गिळायला त्रास, बोलताना जीभ अडखळणं, हात लुळा पडणं, चालताना तोल जाणं यातलं काहीही झालं तर व्यायाम थांबवून थेट दवाखाना गाठा.

सकाळी व्यायाम, दिवसभर हंडा

कोकणातल्या बायकांचं इथे फार बिनसतं. व्यायाम मनापासून करतात आणि लगेच डोक्यावर हंडा नाहीतर मासळीची पाटी घेतात. डोक्यावरचं ओझं काही आठवडे पूर्ण बंद हवं. घरच्यांनी ते आपणहून उचलावं, तिने सांगायची वाट बघू नये. भाताच्या लावणीत वाकून राहणं आणि आंब्याला झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) लावून तासन्‌तास वर बघणं, दोन्ही मानेला जड. वीसेक मिनिटांनी थांबा, मान सरळ करा, मग पुढचं काम. खोबरं विळीवर खाली बसून खोवण्याऐवजी कुणाकडून तरी खोवून घ्या.

आणि गाडी? मागचं बघायला मान दोन्हीकडे न दुखता वळेपर्यंत चालवू नका. चालवायला घ्याल तेव्हा सीटच्या डोकेटेकूचं (हेडरेस्टचं) वरचं टोक डोक्याच्या वरच्या टोकाइतकं उंच करून घ्या. बऱ्याच गाड्यांत ते मानेइतकंच खाली दाबलेलं असतं.